लाईन गेली की आमच्या घरचे उद्योग

विदर्भातल्या पोट्ट्यांना उन्हाळ्याची सुट्टी जरा जास्तच मिळते. पुण्या-मुंबईकडे जूनच्या मध्यात शाळा सुरू होतात, तेव्हा आमच्याकडचा पारा अजून खाली यायला तयार नसतो. म्हणून इकडच्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. मे महिन्यात ४५ अंश म्हणजे इकडे बातमीसुद्धा होत नाही. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली, तेव्हा कुठे लोक म्हणाले की हो, यंदा जरा तापलं बुवा.

सांगायचं एवढंच की सकाळी दहा-अकरा ते संध्याकाळी पाच लेकरांना घराबाहेर सोडायचं नाही. डाबडुबली, बिल्लस, रेस्टीप, कंचे, सगळं संध्याकाळवर. आणि नेमकी ह्याच वेळेत लाईन जाते.

माझी पिठाची चक्की आहे, वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात, एका लहानशा गावात, घराला लागूनच. लाईन गेली की चक्की बंद, कूलर बंद, टीव्ही बंद, आणि मोबाईलची बॅटरी पोट्ट्यांनी सकाळीच संपवलेली. घरात चार लेकरं आहेत. माझी थोरली सातवीत, धाकटा पहिलीत, आणि मोठ्या भावाचे दोघं मधल्या वयाचे. शिवाय आई आणि आबाजी, म्हणजे लेकरांचे आजोबा. म्हणजे दुपारी एक वाजता एका खोलीत आठ माणसं, घामाघूम, आणि कोणालाच झोप नाही. आता करता काय?

शहरातले माझे एक नातेवाईक मुलांसाठी डब्यातले खेळ मागवतात. कापलेले कागद, तयार रंग, चिकटवायचं सामान, सोबत सूचनांचा कागद. एकदा आमच्याकडेही असा डबा भेट आला. पोट्ट्यांनी तो तासाभरात उरकला आणि विचारलं, "मंग आता?" माझं ह्यावरचं मत साधं आहे. लेकरांना रमवायला म्हणून काढलेलं काम लेकरं लगेच ओळखतात. त्यांना खऱ्या कामात वाटा पाहिजे असतो, आणि त्या कामाच्या शेवटी ताटात काहीतरी पडलं पाहिजे. मोठ्या माणसांनीही त्यात हात घातला पाहिजे, नुसतं बाजूला बसून "वा वा" करून चालत नाही. आमच्या घरी जे टिकलं ते सगळं ह्याच जातीचं आहे.

त्यात पहिला नंबर सरगुंड्यांचा.

वर्धा, अमरावती, यवतमाळकडच्या लोकांना सरगुंडे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. गव्हाच्या रव्याचं मळलेलं पीठ, त्याची बारीक दोरी काढायची, ती वीतभर काडीवर वेढ्याला वेढा लावून गुंडाळायची, काडी ओढून घ्यायची. उरते ती पोकळ, वळ्यावळ्यांची नळी. ती वाळवायची, खायच्या दिवशी उकळत्या पाण्यात शिजवायची आणि आंब्याच्या रसात टाकायची. पूर्वी उन्हाळ्यातल्या लग्नात नवा जावई जेवायला बसला की रस आणि सरगुंडे झालेच पाहिजेत, असं आई सांगते.

चक्कीवाला असल्यामुळे गव्हाबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय मला राहवत नाही. सरगुंड्याला, शेवयांना बन्सी गहू घ्या. पोळीच्या गव्हाहून तो कडक असतो, दाणा पिवळसर, जरा काचेसारखा दिसणारा. त्याच्या पिठाला ताण चांगला येतो, दोरी ओढली तरी पटकन तुटत नाही, आणि शिजल्यावर लगदा होत नाही. गव्हाला आदल्या रात्री पाण्याचा हात लावून फडक्यात बांधून ठेवायचं. सकाळी जरा कोरडा करून चक्कीवर जाडसर काढायचा आणि मग चाळायचा. कोंडा वेगळा, रवा वेगळा, बारीक सपीट वेगळं. ओलवल्यामुळे साल चिवट होते आणि मोठ्या तुकड्यांनी सुटते, पीठात मिसळत नाही. हे चाळण्याचं काम आमच्या धाकट्याचं. अर्धा रवा जमिनीवर, अर्धा डोक्यात, पण चाळणी तो दुसऱ्या कोणाला देत नाही.

पीठ मळायचं काम आईचं. मीठ घालून घट्ट मळते, दोन-तीन तास ओल्या फडक्याखाली ठेवते, मग तेलाचा हात लावून पुन्हा तिंबते. इतकं तिंबते की पाट वाजतो. तोवर लाईन गेलेली असते आणि पोट्टे ओळीने बसलेले असतात.

काड्यांचंही सांगतो. आईजवळ तिच्या सासूच्या वेळच्या काड्या आहेत, तेल पिऊन पिऊन काळ्या, गुळगुळीत. त्या पोट्ट्यांच्या हाती लागत नाहीत. त्यांच्यासाठी मी बांबूच्या कमच्या काढल्या आणि काचेच्या तुकड्याने तासल्या. कुसळ राहिलं तर दोन गोष्टी होतात, बोटात घुसतं आणि सरगुंडा काडीवरून सुटत नाही. एक टोक जरा निमुळतं ठेवायचं. सुटताना त्या बाजूनेच सोडायचा.

आता गुंडाळणं. डाव्या हातात काडी, ती बोटांनी स्वतःभोवती फिरवत राहायची. उजव्या हातातल्या गोळ्यातून चिमटीने दोरी सुटत राहिली पाहिजे. दोरी फिरत नाही, काडी फिरते, हे एकदा कळलं की निम्मं काम जमलं. पहिले दोन वेढे दाबून बसवायचे, पुढचे शेजारी-शेजारी टेकवत जायचे. काडी भरली की पोळपाटावर ठेवून तळहाताने हलकेच फिरवायची, म्हणजे वेढे एकमेकांना चिकटतात. जोरात दाबलं की सपाट चिकट नळी होते, अगदीच हात लावला नाही तर उकळताना उलगडून त्याची शेवई होते. मधलं काहीतरी. हे मधलं किती, ते कोणी सांगू शकत नाही. आईला विचारलं तर म्हणते, "हाताले कळते."

थोरलीला कळतं. तिचे सरगुंडे एका मापाचे, बारीक. भावाचा मोठा घाईवाला, त्याच्या दोरीला मधेच गाठी. धाकट्याचं वेगळंच. त्याला लांबीचं वेड आहे. एकदा त्याने दोन काड्या जोडून त्यावर सरगुंडा केला आणि घरभर दाखवत फिरला, "पायना आजी, माहा सर्वात लांब हाय!" तो काडीवरून निघेना. आई म्हणाली, "मंग काडीसकटच खा आता." शेवटी ओल्या बोटांनी हळूहळू सरकवत काढला. तीन तुकडे झाले. तिन्ही तुकड्यांवर त्याचाच हक्क.

वाळवायचे ते घरातच, सुपात, पहिला दिवस सावलीला. आमचं ऊन असं की ओला सरगुंडा एकदम स्लॅबवर टाकला तर वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि तडकतो. दुसऱ्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन दाखवलं की झालं. पण खरं सांगू, आमच्याकडे वाळवायला फारसे उरतच नाहीत. संध्याकाळीच ओलेच उकळतात. पाण्यात मीठ, थेंबभर तेल, वर तरंगायला लागले की चाळणीत उपसायचे.

माझ्याकडे शेवयांचं मशीन आहे. सीझनमध्ये बायको ते चालवते, सकाळपासून बायकांची रांग असते, किलो-किलोच्या शेवया बघता बघता पडतात. त्या मशीनच्या शेवया घरात कोणी लेकरू मागत नाही. ह्यात माझ्या धंद्याची बदनामी आहे, पण आहे ते आहे.

रसाचा आंबा गावरान, चोखायचा. तो कच्चा आणून गव्हाच्या कुटारात, म्हणजे भुशात, पिकायला माच लावतो. माचेतून रोज पिकलेला आंबा शोधून काढणं हे लेकरांचं काम, आणि ते हाताने नाही, नाकाने करायचं. कुटारात तोंड खुपसून हुंगतात, शिंका देतात. देठाजवळ वास आला की आंबा झाला. नासका दिसला की लगेच बाहेर. नासका एक राहिला की शेजारचे चार घेऊन जातो. आणि पिकलेल्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो, त्याने बाकीचे भराभर पिकतात. हे थोरलीने शाळेतून शिकून आणलं आणि आबाजींना सांगितलं. आबाजी म्हणाले, "म्हनूनच तं कुटारात झाकतो ना, बाई. वारा लागू द्याचा नाई."

कुरडयांचं काम एवढं रंगत नाही, पण त्यातला एक भाग लेकरं वर्षभर लक्षात ठेवतात, तो म्हणजे चीक. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी आंबूस वास यायला लागतो, दाणा बोटाने चिरडला की पांढरं दूध येतं. मग वाटून, पिळून, गाळून ते दूध रात्रभर ठेवायचं. पहाटे वरचं पाणी ओतून टाकलं की खाली घट्ट पांढरा साका. तो उकळत्या पाण्यात मीठ, हिंग घालून घोटत शिजवायचा, पारदर्शक होईस्तोवर. गुठळी होऊ द्यायची नाही म्हणून दोन माणसं लागतात, एक ओतणारा, एक घोटणारा. आणि चार माणसं लागतात वाटी घेऊन उभी राहायला.

गरम चीक, वर दूध-साखर. किंवा कच्चं तेल आणि तिखट. आमच्याकडे ह्यावर दोन पार्ट्या आहेत, मी तेल-तिखटवाल्या पार्टीत आहे आणि आम्ही अल्पमतात आहोत. बायको दरवर्षी ओरडते की अर्धा चीक इथंच संपला तर कुरडया कशाच्या घालू. तरी वाट्या भरून देते.

हे सगळं सकाळी आठच्या आत उरकायचं, कारण नंतर स्लॅबवर पाय ठेववत नाही. सोऱ्याने कुरडई घालताना चीक गरमच पाहिजे, म्हणून ते मोठ्यांनी करायचं. पोट्ट्यांकडे राखण. काठी घेऊन एक इकडे, एक तिकडे. कावळे तर येतातच, पण आमच्या गावात खरा शत्रू वानर. कवेलूवरून, म्हणजे कौलांवरून, उड्या मारत टोळी येते, आणि तिला कुरडई वाळली की ओली ह्याच्याशी काही घेणं नसतं. वानराला काठी दाखवायची, त्याच्याकडे बघून दात काढायचे नाहीत आणि जवळ जायचं नाही, एवढे तीन नियम. धाकट्याला पहिला नियम आवडतो, बाकीचे दोन त्याला पाठ आहेत पण पाळवत नाहीत. म्हणून त्याच्याजवळ आबाजी खुर्ची टाकून बसतात.

उडदाच्या पापडाच्या लाट्या तेलात बुडवून खाणं ह्यावर मी लिहीत नाही. ज्याने खाल्ल्या त्याला माहीत आहे.

आता दुपारचा खेळ. उन्हाळ्याच्या तोंडी चिंच फोडतो, तेव्हा चिंचोके घमेलंभर निघतात. ते फेकायचे नाहीत. चार मोठे निवडून एका बाजूने खरखरीत दगडावर घासायचे, आतला पांढरा भाग दिसेपर्यंत. एक बाजू तपकिरी चकचकीत, एक पांढरी, झाले अष्टाचंगाचे फासे. घासताना चिंचोका तापतो आणि तो शेजारच्याच्या हाताला टेकवण्याची परंपरा माझ्या लहानपणापासून अखंड चालू आहे. फरशीवर खडूने पाच बाय पाच घरं आखायची. चारी बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मधोमध फुली मारायची. फुलीच्या घरात कोणी कोणाला मारू शकत नाही. सोंगट्या चक्कीतल्याच, एकाला गहू, एकाला मका, एकाला हरभरा, एकाला वाटाणा. बाहेरून फेरा मारून आतल्या फेऱ्यात जायचं, आणि कोणाची तरी सोंगटी मारल्याशिवाय आत प्रवेश नाही. चार जण बसले की एक डाव लाईन येईपर्यंत पुरतो. कधी लाईन येते आणि कोणी उठत नाही, हे माझ्या चक्कीच्या गिऱ्हाइकांना पसंत पडत नाही.

दान असं मोजतात. जितके चिंचोके पांढऱ्या बाजूने वर, तितकं दान, चारही पांढरे म्हणजे चंगा, चार. एकही पांढरा नाही तर अष्टा, आठ. थोरलीला गणिताची जरा आवड आहे. मी तिला वही दिली आणि म्हटलं, चार चिंचोके किती तऱ्हेने पडू शकतात ते लिही. तिने पां-त, त-पां करत सोळा तऱ्हा लिहिल्या. सोळापैकी सहा तऱ्हांनी दोन पडतात, चार तऱ्हांनी एक, चार तऱ्हांनी तीन, आणि चंगा-अष्टा एकेकाच तऱ्हेने. म्हणून चंगा पडला की पोट्टे ओरडतात ते उगाच नाही. मग तिने खऱ्या डावातली दानं लिहून बघितली. आमच्या चिंचोक्यांनी हिशेब पाळला नाही, पांढरी बाजू जरा जास्तच वर येत होती. कारण लगेच सापडलं. भावाच्या मोठ्याने एक चिंचोका दोन्हीकडून घासून ठेवला होता! त्याला त्या दिवशी पाणी भरायला लावलं. कूलरचं, दोन बादल्या.

डाव चालू असताना भूक लागते, आणि दुपारी कोणी चूल पेटवायला तयार नसतं. अशा वेळी कच्चा चिवडा. मोठी परात घ्यायची. मुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, कांदा बारीक चिरून, सांबार (म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर) भरपूर, मीठ, तिखट, आणि वरून कच्चं तेल. जवसाचं असेल तर सोन्याहून पिवळं, नसेल तर शेंगदाण्याचं. लिंबू पिळायचं आणि दोन्ही हातांनी कालवायचं. विस्तव नाही, तळणं नाही, कांदा तेवढा मी चिरतो. बाकी सगळं धाकटा आणि भावाची लहानी करतात. अट एकच, कालवल्याबरोबर परातीभोवती बसायचं. पाच मिनिटांत मुरमुरा मऊ पडतो. वाट्यांमध्ये वाटत बसाल तर शेवटच्या माणसाला लगदा मिळेल.

कैरीचं पन्हं, दहीसाखर हेही चालतंच. त्यात काय सांगायचं.

संध्याकाळी ऊन उतरलं की आठवड्यातून एखादा दिवस पानग्यांचा. ह्यासाठी मी मुद्दाम जाडं पीठ काढतो, रोडग्यासाठी काढतात तसं. बारीक पिठाचा पानगा चिवट होतो. जाड पिठाचा खुसखुशीत होतो आणि तूप पितो. त्यात तेलाचं मोहन, ओवा, मीठ, घट्ट मळायचं. पळसाची पानं लेकरं सकाळीच धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, आणतात. उन्हाळ्यात पळसाला नवी पानं येतात, तळहाताएवढी, चामड्यासारखी जाड. एका देठाला तीनच. लहान पोट्ट्यांना मोजायला सांगा, तीनशिवाय चौथं सापडत नाही, तरी शोधत राहतात.

गोळा हाताने थापून चपटा करायचा, खाली एक पान, वर एक पान. अंगणात गोवऱ्या पेटवून ठेवायच्या आणि जाळ पूर्ण विझू द्यायचा. लाल निखारे आणि वर राखेचा पांढरा थर आला की पानगे त्यात ठेवायचे, वरून थोडे निखारे. हे ठेवायचं-काढायचं काम चिमट्याने, आणि ते माझ्याकडे. पान आधी करपतं, मग धुरकट वास सुटतो. उलटायचं, पुन्हा तेवढाच वेळ. बाहेर काढून जळकं पान सोलून काढलं की पानग्यावर पानाच्या शिरांची सगळी नक्षी उठलेली असते, मधली जाड शीर, तिच्यापासून फुटलेल्या बारीक. लेकरं ठेवण्याआधी काडीने आपापलं अक्षर कोरून ठेवतात म्हणजे भांडण नको. तरी भांडण होतं, कारण भावाच्या दोघांचं अक्षर एकच आहे.

पानगा हाताने फोडायचा, तुपात बुडवायचा, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. वांग्याची भाजी न खाणारं लेकरू ह्या दिवशी वांग्याची भाजी खातं, हे सगळ्या आयांनी लिहून ठेवा. का खातं ते मला माहीत नाही.

एवढं करूनही लाईन रात्री जाते. त्यासाठी आमच्याकडे भुलाबाईचा खेळ बारमाही झाला आहे. भुलाबाई खरी बसते भाद्रपद पौर्णिमेला आणि उठते कोजागिरीला. महिनाभर पोरी घरोघर गाणी म्हणतात, टिपऱ्या वाजवतात, आणि शेवटी प्रत्येक घरची खिरापत ओळखायची. डबा झाकलेला, घरची बाई तो कानाजवळ खुळखुळ वाजवते, पोरी ओरडत सुटतात. आमच्या घरच्या पोट्ट्यांनी हे पाहिलं आणि म्हणाले, हे फक्त पोरींनीच काय म्हणून? मग अंधारात आम्ही सगळेच खेळायला लागलो. डबा फिरतो, ज्याच्या हातात तो राजा. गोड की तिखट एवढंच विचारायचं, बाकी कानाने. फुटाणा हलका, ठणठणीत वाजतो. शेंगदाणा जरा भरीव. खारीक लाकडासारखी आपटते. बत्तासा आधी वाजतो आणि फार हलवला की वाजेनासा होतो, कारण त्याचा भुगा झालेला असतो. आई एकदा डब्यात गुळाचा शिरा घेऊन आली. हलवला, काहीच आवाज नाही. सगळे गप्प. धाकट्याने झाकणाला नाक लावलं. हे नियमात बसतं का ह्यावर अर्धा तास वाद झाला आणि तोवर शिरा थंड. वाद आबाजींनी मिटवला. कानाचा खेळ आहे, नाक चालणार नाही. पण शिरा पहिला त्यालाच वाढला.

पाऊस पडून गेला की हा उन्हाळी बाजार बंद होतो आणि घरात मातीचं काम सुरू होतं, तान्ह्या पोळ्यासाठी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना आवतन देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पोळा झाला की दुसऱ्या दिवशी लेकरांचा पोळा. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी तो १८०६ मध्ये सुरू केला असं मानतात. लाकडी बैल दोरीने ओढत पोट्टे घरोघर जातात, कोणी खाऊ देतं, कोणी बोजारा म्हणून पैसे. लाकडी नंदी आता बाजारात महाग झाले आहेत, पण मला तक्रार नाही, कारण आमच्याकडे बैल मातीचाच करतात.

आपली काळी माती बैलाला चांगली आणि वाईटही. ओली असताना लोण्यासारखी वळते, वाळताना आकसते आणि वावराला जशा भेगा पडतात तशा बैलाच्या पोटाला पडतात. उपाय जुना आहे. मातीत बारीक कुटार मिसळायचं आणि थोडं शेण, पायाने तुडवायचं, एक रात्र ठेवायचं. काडी-काडीने माती धरून ठेवते. पाय जाड करायचे, शेपूट पाठीला चिकटवून, नाहीतर पहिली ती पडते. आणि वाळवायचं सावलीत, सरगुंड्यांसारखंच.

शिंगांसाठी बाभळीचे काटे. बाभळीला पांढरे लांब काटे जोडीने येतात, एकाच बुडातून दोन, जरा बाहेर वाकलेले. ती जोडी तशीच कापून डोक्यात खोचली की हुबेहूब बैल, लेकरं बघताच ओरडतात. फक्त टोकं आधी दगडावर घासून बोथट करून घ्या. आमच्याकडे मागच्या पोळ्याला भावाच्या लहानीचा बैल रात्री उंबऱ्यात बसला होता, आणि आबाजी पाणी प्यायला उठले. त्यांनी त्या बैलाला जी काय आवतनं दिली ती इथं लिहिण्यासारखी नाहीत.